एकच 'चार्ज', ओझी अनेक

इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही दिवसातून चार-पाच वेळा येणारे जे इंग्रजी शब्द आहेत, त्यांत 'चार्ज'चा नंबर फार वरचा लागतो. सकाळी पोरगं ओरडतं, "आई, माझा मोबाईल चार्जिंगवरून कोणी काढला?" कामावरून आलेला बाप सांगतो, "आजपासून मुकादमाचा चार्ज माझ्याकडे आहे." दवाखान्यात आया म्हणते, "मावशी, सिस्टर इनचार्जला विचारा." बँकेतून पासबुक भरून आणावे तर त्यात दोन-तीन ओळी 'चार्जेस'च्या असतात. रात्रीच्या बातम्यांत कुठे तरी लाठीचार्ज झालेला असतो. आणि वस्तीतल्या एखाद्या घरात दिवा मालवल्यावर कुजबुज चाललेली असते, "ह्यांना चार्जशीट मिळालंय हो."

शब्द एकच. पण पहिल्या वाक्यात फक्त मोबाईलचा प्रश्न आहे आणि शेवटच्या वाक्यात घरची चूल बंद पडण्याची धास्ती आहे. आमचा पेशा कारकुनाचा. त्यामुळे संध्याकाळी वस्तीतली माणसे हातात कागद घेऊन येतात आणि "हे काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा" म्हणतात. त्या कागदांत हा शब्द इतक्या वेळा भेटला आणि त्याच्यापायी इतकी माणसे घाबरलेली, नको तिथे सही करून बसलेली पाहिली, की तो एकदा नीट उलगडून सांगावा असे वाटले.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत दोन चाकांच्या गाड्याला 'कारुस' म्हणत. गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद त्यावरून बनले. ते फ्रेंचमध्ये जाऊन 'शार्जे' झाले आणि तिथून इंग्रजांकडे येऊन 'चार्ज' झाले. मोटारीला आपण कार म्हणतो, जहाजावरच्या मालाला कार्गो म्हणतो, वाहून नेण्याला कॅरी म्हणतो, ही सगळी एकाच घरातली भावंडे. व्यंगचित्राला 'कॅरिकेचर' म्हणतात तो शब्दही याच कुळातला. एखाद्याच्या नाकावर किंवा पोटावर चित्रकाराने जास्तीचा माल लादला की झाले कॅरिकेचर! तेव्हा 'चार्ज' म्हणजे मुळात ओझे लादणे. बैलगाडीवरचे ओझे पुढे माणसावर आले, खात्यावर आले, जमिनीवर आले, विजेच्या तारेवर आले. गंमत अशी की ज्या मंडळींनी सरकारी मराठी घडवली, त्यांनीही जागोजागी 'भार' हाच शब्द निवडला. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार, विद्युतप्रभार, सगळीकडे भार आहेच. म्हणून 'चार्ज' शब्द दिसला की आम्ही समोरच्याला तीन प्रश्न विचारायला सांगतो. ओझे कोणावर आहे, कोणी टाकले आहे आणि ते उतरवायचा कागद कोणता?

विजेचा चार्ज तसा सोपा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलीन यांनी विजेचे प्रयोग करताना हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. आपली मुले शाळेत धनप्रभार-ऋणप्रभार शिकतात तो हाच. बॅटरीत वीज साठवली की बॅटरी चार्ज झाली, संपली की डिस्चार्ज झाली, हे आता चार वर्षांच्या पोरालाही कळते. पण वीज कंपनीत किंवा तिच्या ठेकेदाराकडे खांबावर चढणारी जी आपली मुले आहेत, त्यांच्यासाठी हा शब्द जिवाशी खेळणारा आहे. "लाईन चार्ज आहे" म्हणजे तारेत वीज वाहते आहे. "लाईन चार्ज करतो" म्हणजे आता वीज सोडतो. खांबावर माणूस असताना खालच्याने फोनवर अर्धवट ऐकलेले हे वाक्य काय करू शकते हे सांगायला नको. म्हणून परमिट लेखी घ्यायचे असते. तार बंद आहे असे कोणी सांगितले तरी आधी डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडायची असते आणि ज्याने परमिट घेतले त्याने ते परत केल्याशिवाय लाईन चार्ज करायची नसते. नवीन लागलेल्या ठेक्यावरच्या मुलाला हे कोणी शिकवत नाही, थेट शिडी हातात देतात. घरच्यांनी तरी विचारावे, "बाबा, परमिट घेतलं होतंस का?"

बिलातला आणि बँकेतला चार्ज

पैशाच्या बाबतीत चार्ज म्हणजे आकार किंवा शुल्क. विजेच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने असतात. "आम्ही महिनाभर गावी होतो, घराला कुलूप, तरी बिल कसे आले?" हा प्रश्न आम्हाला दर उन्हाळ्यात येतो. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दलचा, वापर शून्य असला तरी तो लागतो. वीज आकार मात्र युनिटवर. तेव्हा बिलाबद्दल तक्रार करायला जाताना आधी कोणता रकाना फुगला आहे ते पाहावे. युनिट वाढले असतील तर मीटरचे भांडण, आकार वाढला असेल तर दराचे भांडण. दोन्हींची खिडकी वेगळी.

बँकेचे चार्जेस हा स्त्रियांच्या बचतीला लागलेला मोठा उंदीर आहे. घरकाम करणाऱ्या एका ताईंच्या खात्यात शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली म्हणून दर महिन्याला थोडे थोडे कापले जात होते. त्यांना वाटे, कोणी तरी चोरी करतो आहे. अशांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये 'बेसिक सेव्हिंग्ज' खात्याची सोय बँकांना सक्तीची केली. त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही आणि त्यासाठी दंडही नाही. मात्र बँकेतला माणूस आपण होऊन ते खाते उघडून देईलच असे नाही, नाव घेऊन मागावे लागते. साध्या खात्यातही किमान शिल्लक नाही म्हणून चार्ज कापत कापत शिल्लक शून्याच्या खाली नेता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

कर्जाच्या बाबतीत एक बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हप्ता चुकला की पूर्वी 'दंडव्याज' लावत, ते व्याज मुद्दलात जाई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले, की दंड लावायचा तर 'दंडात्मक चार्ज' म्हणून वेगळा लावा, त्यावर पुन्हा व्याज लावू नका. इथे व्याज आणि चार्ज या दोन शब्दांतला फरक म्हणजे गरिबाच्या खिशातले खरे रुपये आहेत. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा खातेउतारा घेतला तर कोणत्या नावाने काय लावले आहे ते बोट ठेवून विचारावे.

जमिनीवरचा आणि खोलीवरचा बोजा

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. तो बोजा म्हणजे कायद्याच्या भाषेत चार्जच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याची व्याख्या आहे. जमीन तुमच्याच नावावर राहते, ताबाही तुमचाच, पण कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीवर दुसऱ्याच्या पैशाचे ओझे असते. आजोबांनी घेतलेले कर्ज वडिलांनी फेडले, पावती ट्रंकेत ठेवली, पण बोजा कमी करून घेतला नाही, असे सातबारे आम्ही कितीतरी पाहिले. नातवाला घर बांधायला कर्ज हवे असते तेव्हा ते कळते. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्यावा, तो तलाठी कार्यालयात द्यावा, फेरफार करून बोजा कमी झालेला नवा उतारा हातात घ्यावा. सांगायला तीन ओळी, पण यासाठी लोकांना तीन-तीन महिने हेलपाटे घालावे लागतात हेही खरे.

शहरात खोली घेणाऱ्यांनाही हेच लागू. मुंबईत मालमत्ता कराची थकबाकी हा त्या जागेवरचा पहिला बोजा असतो. जुना मालक कर बुडवून गेला तरी ओझे जागेबरोबर राहते. खोली घेताना रंग आणि फरशी पाहतो तशी कराची पावतीही पाहावी.

पण हा 'पहिला बोजा' दर वेळी आपल्या विरुद्ध नसतो. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम ११ ने असे ठरवले, की मालकाने थकवलेली फंडाची रक्कम ही त्या आस्थापनेच्या मालमत्तेवरचा पहिला चार्ज समजावी आणि ती इतर देण्यांच्या आधी द्यावी. म्हणजे कारखाना बुडाला, यंत्रे विकायला निघाली, तर बँकवाले रांगेत उभे असताना कामगाराच्या फंडाचा पैसा पुढे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा पुष्कळ कामगारांना हे ठाऊकच नव्हते. 'कंपनीच बुडाली तर आपल्याला कोण देणार' म्हणून माणसे गावी निघून गेली. दावा सांगायलाच कोणी नसेल तर पहिला चार्ज कागदावरच राहतो.

कचेरीतला चार्ज

आता आमच्या स्वतःच्या रानात येऊ. कचेरीत 'चार्ज घेतला' म्हणजे पदभार स्वीकारला. हे वाक्य ऐकायला मोठे गोड असते. बढती मिळालेली असते, घरी पेढे आणलेले असतात, आणि त्या आनंदात माणूस चार्ज लिस्टवर डोळे मिटून सही करतो. चार्ज लिस्ट म्हणजे आधीच्या माणसाने सोपवलेल्या गोष्टींची यादी. रोकड, चेकबुके, कपाटाच्या चाव्या, डेड स्टॉक रजिस्टरातल्या खुर्च्या-पंखे, सेवापुस्तके, प्रलंबित प्रकरणे. सही झाली की यादीत लिहिलेली प्रत्येक वस्तू तुमच्या पाठीवर आली. दोन वर्षांनी तपासणीत सहा पंखे कमी निघाले तर साहेब तुम्हाला विचारणार, आधीच्याला नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. घरात नोकरीत गेलेली ती पहिलीच पिढी असते. कचेरीच्या रीती सांगणारा काका-मामा नसतो. वरचा माणूस म्हणतो, "अरे, माझ्यावर विश्वास नाही का? कर सही." आणि मुलगा भिडेपोटी करतो. भीड धरू नये. वस्तू मोजून घ्यावी. जी मोजता आली नाही तिच्यापुढे 'प्रत्यक्ष मोजणी झालेली नाही' असे लिहून तारीख घालावी. एक प्रत घरी ठेवावी. 'अतिरिक्त चार्ज' तोंडी कधी घेऊ नये, आदेश लेखी मागावा, कारण काम बिघडले की तोंडी आदेश देणाऱ्याला काही आठवत नाही!

सरकारी हिशोबातला आणखी एक चार्ज इथे सांगितला पाहिजे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात खर्चापुढे 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द असतात. दत्तमत म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर केलेला. भारित म्हणजे 'चार्ज्ड', राज्यघटनेनेच तिजोरीवर टाकलेला, ज्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते पण मतदान घेता येत नाही. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार व पेन्शन, महालेखापरीक्षकांचा पगार, लोकसेवा आयोगाचा खर्च, सरकारने घेतलेल्या कर्जाची फेड हे त्यात येते. कलम ११२ आणि ११३ वाचले की हे कळते. कारण उघड आहे. सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून सत्ताधारी बहुमताच्या जोरावर न्यायाधीशाचा पगार अडवू लागले तर न्याय कोण देईल? बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या समितीच्या मसुद्यातून आलेल्या घटनेत 'चार्ज' हा शब्द असा संरक्षण म्हणून उभा आहे.

हातात पडणारे चार्जशीट

त्याच घटनेत हा शब्द दुसऱ्या एका ठिकाणी आहे आणि तो आपल्या घरांना जास्त जवळचा आहे. कलम ३११ म्हणते, की सरकारी नोकराला बडतर्फ करायचे, काढून टाकायचे किंवा खालच्या पदावर आणायचे असेल तर आधी चौकशी झाली पाहिजे. त्या चौकशीत त्याच्यावरचे चार्जेस म्हणजे दोषारोप त्याला कळवले पाहिजेत आणि आपली बाजू मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे. याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली तर. पण साधा नियम हा आहे. महामंडळे, महापालिका, खाजगी कारखाने यांना हे कलम थेट लागू नाही, मात्र तिथेही सेवानियम किंवा स्थायी आदेश असतात आणि आरोप सांगितल्याशिवाय मोठी शिक्षा देऊ नये हे तत्त्व तिथेही चालते.

म्हणजे चार्जशीट हे तुम्हाला बोलण्याची संधी देणारे पत्र आहे. आमच्याकडे येणारी माणसे मात्र तो कागद पाहून अंगातले त्राण गेल्यासारखी येतात. एका सफाई कामगार काकांना खात्याचे चार्जशीट आले. घरात कोणी तरी म्हणाले, चार्जशीट म्हणजे पोलिसांची केस. काका घाबरून गावी जाऊन बसले. पत्र पुन्हा आले, रजिस्टर्ड पोस्टाने आले, घेतले नाही. शेवटी त्यांच्या गैरहजेरीत एकतर्फी चौकशी होऊन ते दोषी ठरले. आरोप काय होता? न कळवता गैरहजर राहिल्याचा. त्या दिवसांचे दवाखान्याचे कागद काकांच्या पत्र्याच्या पेटीत होते!

तेव्हा हे नीट समजून घ्यावे. मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस वेगळी आणि चार्जशीट वेगळे. खात्याचे चार्जशीट, ज्याला दोषारोपपत्र म्हणतात, ते नोकरीपुरते असते. त्यात साधारणपणे आरोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी जोडपत्रे असतात. ती सगळी मिळाली आहेत का ते पाहावे, नसतील तर लेखी मागावीत. पत्र नाकारू नये. नाकारले तरी ते मिळाले असेच बहुधा धरले जाते आणि उत्तर द्यायची मुदत वाया जाते. मुदत पत्रातच लिहिलेली असते. तेवढ्यात पूर्ण उत्तर जमत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर लिहावे. 'माफी असावी, लहान मुलेबाळे आहेत' असे एकच वाक्य लिहून देऊ नये. ते आरोप कबूल केल्यासारखे वाचले जाते. चौकशीत बचावासाठी सहायक घेता येतो, युनियनमधला जाणता माणूस पाहावा. निलंबन झाले तरी निर्वाह भत्ता मागता येतो. आणि चौकशीच्या तारखेला हजर राहावे, मग आजारी असलात तर दाखला पाठवावा.

पोलिसांचे चार्जशीट म्हणजे आरोपपत्र हे निराळे. तपास पुरा झाल्यावर पोलीस ते न्यायालयात देतात. ते दाखल झाले म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, पण वस्तीत मात्र त्या दिवसापासून त्या घराशी बोलणे कमी होते. अटकेत असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याची तारीख फार महत्त्वाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, की साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर कोठडीतल्या माणसाला जामीन मिळण्याचा हक्क उभा राहतो. पण तो आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत जास्त आहे, तेही वकिलाला विचारून घ्यावे. जेलमध्ये पोरगा असेल तर आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजावेत, वकील दहा ठिकाणी धावत असतो.

या शब्दाची दुसरी बाजूही आपल्या समाजाने पाहिलेली आहे. गावात मारझोड झाली, घर जाळले, अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा नोंदला, अशा वेळी आपणच चार्जशीटची वाट पाहत असतो. त्या कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, अधिकाऱ्यावर कर्तव्य टाकले आहे, की साठ दिवसांत तपास पुरा करून विशेष न्यायालयात आरोपपत्र द्यावे आणि उशीर झाला तर लेखी कारण सांगावे. अनेक गुन्ह्यांत पीडितांच्या आर्थिक मदतीचा मोठा हप्ता आरोपपत्र न्यायालयात गेल्यावरच मिळतो. एकसष्टाव्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन 'आरोपपत्र गेले का, नसेल तर कारण काय' असे विचारणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम. मोर्चा त्यानंतरही काढता येतो.

मोर्चा म्हटले की लाठीचार्ज आलाच. हा चार्ज हल्ल्याचा, घोडेस्वार शत्रूवर तुटून पडत त्या जातीचा. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला लाठीमार हा नेटका शब्द दिला आणि पुढे 'सौम्य' हे विशेषण जोडून त्याची सगळी चव घालवली. ज्याच्या पाठीवर ती पडली त्याला सौम्य काय ते विचारावे.

न्यायालयात पुढची पायरी म्हणजे चार्ज फ्रेम होणे, आरोप निश्चित होणे. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि 'गुन्हा कबूल आहे का' विचारतात. कायदा म्हणतो, हा आरोप न्यायालयाच्या भाषेत लिहिलेला असावा, आणि आपल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरी पिंजऱ्यातला माणूस काळ्या कोटाच्या धाकाने प्रत्येक वाक्याला 'हो साहेब' म्हणतो. कळले नाही तर 'साहेब, परत सांगा' म्हणावे. त्याने कोणी रागावत नाही, आणि रागावले तरी चालेल.

उतरलेले ओझे

चार्ज म्हणजे ओझे, तर डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरणे. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की घरचे आनंदात निघतात आणि डिस्चार्ज कार्ड तिथेच राहते. ते कार्ड विम्याच्या दाव्याला लागते, रजेला लागते, पुढच्या उपचाराला लागते. वर सांगितलेल्या काकांच्या पेटीतही तेच कागद होते.

न्यायालयातला डिस्चार्ज म्हणजे आरोपमुक्ती. खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोप ठेवण्याआधीच सोडणे. निर्दोष सुटका ही त्यापुढची, खटला चालून झाल्यावरची. अत्याचाराच्या खटल्यात आरोपीने डिस्चार्जचा अर्ज केला तर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम १५-अ ने दिला आहे, तो वापरावा. आणि आपल्या तरुणांनी दुसरी गोष्ट सांभाळावी. सरकारी नोकरी लागताना साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, सुटका यांबद्दल विचारतात. आंदोलनात एकदा केस झाली होती, सुटलो, म्हणून 'नाही' लिहून टाकतात. लपवले म्हणून पुढे नोकरी जाऊ शकते. खरे काय ते लिहावे आणि सुटकेच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. ती प्रत सुटलात त्याच आठवड्यात काढून ठेवावी, दहा वर्षांनी शोधायला गेलात तर फाईल मिळता मिळत नाही.

कारखान्यातही डिस्चार्ज असतो, तो मात्र कामावरून कमी करण्याचा. आणि विम्याच्या किंवा हिशोबाच्या कागदावर 'फुल अँड फायनल डिस्चार्ज' लिहिलेले असते, तिथे ओझे उतरते ते समोरच्या पक्षाचे! तुम्ही सही करून लिहून देता, की आता माझे काही घेणे उरले नाही. रक्कम पुरी मिळाली का ते बोटावर मोजल्याशिवाय आणि ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, फंड धरला का ते विचारल्याशिवाय त्या ओळीखाली नाव घालू नये.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, वकील कुठून आणायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ मिळालेला आहे, तेव्हा जातीचा दाखला बरोबर न्यावा. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. आलेल्या कागदाची झेरॉक्स, ओळखपत्र आणि साध्या कागदावर अर्ज एवढ्यावर काम सुरू होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर १५१०० असा आहे. त्याला कसलाही चार्ज पडत नाही.